पाचवीचा दिवा आणि गिझरची नळी

अक्का गं,

न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसले आहे आणि तुला लिहिते आहे. आत गिझर आहे, थंड. त्याचा फ्यूज नानांनी काढून स्वतःच्या खिशात घातला आणि थर्मोस्टॅट आणायला ते गावात गेले. जाताना मला म्हणाले, "मी येईपर्यंत इथून उठू नको. त्या नळीला कोणालाही हात लावू देऊ नको." म्हणून ही राखण.

पत्र लिहिण्यातली मी नव्हे, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? लग्न होऊन पाचोऱ्याला गेले तरी तुला दोन ओळी टाकायच्या तर माझ्या जिवावर यायचं. तुला वाचता येत नव्हतं. प्रमोद वाचून दाखवायचा आणि मधे स्वतःची वाक्यं घुसडायचा. आज वाचून दाखवायलाही कोणी नाही. तरी लिहिते, कारण तुझ्या मरणाबद्दल आज सकाळी मला जे कळलं, ते आधी तुझ्याशीच बोलायचं आहे. दुसऱ्या कोणाशी आत्ता बोलायला गेले तर भांडण होईल.

आज घरात पाचवी आहे. प्रमोदच्या बायकोला, माझ्या भावजयीला सरलाला, दुसरा मुलगा झाला. पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी धुळ्याला झालं, हे आपल्या पिंप्राळ्याच्या घरी. मी पाचोऱ्याहून आले आहे, तिची आई मदतीला आली आहे. कामाला वाघ, जिभेला तिखट, अगदी तुझ्यासारखी बाई. मला ती आवडते, आणि आज सकाळपासून मला तिची भीती वाटते आहे.

पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळी लिहायला येते. म्हणून मोरीपाशी पाट मांडायचा, त्यावर हळदकुंकू, कोरा कागद, पेन, आणि उजाडेपर्यंत विझू द्यायचा नाही असा दिवा. हे सगळं आम्हाला तूच शिकवलंस. आई लवकर गेली. नानांची मोठी बहीण म्हणून तू आलीस आणि राहिलीस, आणि मग या घरात देव, सण, सुतक, सोहेर जे काही आलं ते तुझ्या तोंडून आलं.

काल योगितानं मला काय विचारलं माहीत आहे? "आई, उद्या पूजा होईपर्यंत मी बाहेर बसू का?" कोणीही तिला जा म्हटलं नव्हतं. सातवीत आहे ती. तुझ्यासाठी अजून पाच दिवसांचीच, लाल, केसाळ, तुझ्या तळहातात मावणारी. आता माझ्या खांद्याला लागते. कोणाची ओटी भरायची असो, कोणाचं बारसं असो, ही आपणहून चपला घालून अंगणात जाते. कुठून शिकली, असं विचारशील. आम्हीच शिकवलं.

तुला हे ठाऊकच नाही गं. तू दवाखान्यात होतीस, नंतर नव्हतीसच. इकडे लोकांना काय, तिच्या पाचवीच्या पहाटे घरातलं मोठं माणूस भाजलं, दिवा विझला, सटवाईचा कोरा कागद मोरीच्या पाण्यात तरंगला. आणखी काय हवं होतं? "पोरीच्या कपाळी काही लिहिलंच गेलं नाही." "आल्या आल्या अक्काला गिळलं." माझ्या सासूबाईंनी पहिलं वर्ष तिला मांडीवर घेतलं नाही. पुढे घेतलं, माया केली, तिच्यासाठी लाडू लपवून ठेवले. पण शुभकार्य असलं की हळूच म्हणायच्या, "योगिताला जरा दुकानात पाठव." आता तेही म्हणावं लागत नाही.

गिझर तुला पहिल्यापासून आवडला नव्हता. तुझा तांब्याचा बंब नानांनी माळ्यावर टाकला म्हणून तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हतीस. पण नाना ऐकतात होय? दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलरवर नोकरी, आणि घरी आले तरी तो बॉयलर काही डोक्यातून उतरायचा नाही. गिझर बसवला आणि आपल्या दोघींना त्याच्यासमोर उभं करून त्यांनी शिकवणी घेतली.

अजून पाठ आहे मला. पाणी गळतंय म्हटलं की आधी कुठून गळतंय ते बघा. टाकी फडक्यानं पुसून कोरडी करा, खाली जुनं वर्तमानपत्र पसरा, पहिला ओला ठिपका कुठे पडतो ते पाहा. पाइपच्या जोडातून असेल तर आटे आवळून भागेल. टाकीच्या बुडातून असेल तर टाकी सडली, ती भंगारात. आणि या बाजूच्या बारीक नळीतून टपकत असेल तर खाली हात धरा. गार थेंब असेल तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलाय, आपल्या बोअरचं पाणीच तसलं. थेंब गरम असेल तर आत पाणी नको इतकं तापतंय, बटण बंद करा आणि मला सांगा.

"पण काही झालं तरी ही नळी बंद करायची नाही," असं ते दोनदा म्हणाले होते. गरम पाणी उलटं गच्चीवरच्या टाकीत चढू नये म्हणून वरच्या पाइपला त्यांनी एकतर्फी व्हॉल्व्ह घातला होता. त्यामुळे आतलं पाणी फुगलं की बाहेर पडायला ही एवढी नळीच उरली होती. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. "मना बंबले इतलं शास्तर लागत नही," म्हणालीस, आणि नाना चिडले.

योगिताच्या वेळी ती नळी टपकतच होती. नाना म्हणाले होते, सुट्टीच्या दिवशी उघडून बघतो. त्यात मोरीही तुंबलेली. बाळंतिणीच्या न्हाणाचं तेल, डाळीचं पीठ, शेगडीची राख, सगळं त्या जाळीत जाऊन बसलं होतं आणि पाणी हळूहळू उतरायचं. आणि नळीचं तोंड नेमकं मोरीवर.

पाचवीच्या संध्याकाळी तू पाट मांडलास आणि दिव्यावर थेंब पडला. तू पाट सरकवलास. मोरी केवढीशी, सरकवून सरकवून कुठे जाणार? मी पलीकडच्या खोलीत खाटेवर होते, मधे एकच भिंत. मला तुझी कुरकुर ऐकू येत होती. "बठ्ठं पानी दिवावर पडी रायनं." मग तू मागच्या अंगणात गेलीस, जळणाच्या ढिगातली पऱ्हाटीची काडी मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं टपटप थांबली.

मला वाटलं, तुला पाटासाठी कोरडी जागा सापडली. बरं वाटलं होतं मला, खरं सांगते. चार दिवस त्या टपटपीनं डोकं उठलं होतं.

पहाटे तू उठलीस. बटण दाबल्याचा आवाज ऐकला. शेगडी पेटवलीस, ओव्याची धुरी घातलीस, तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवलीस. रोजचंच सगळं. मी भिंतीला पाठ लावून पोरीला पाजत बसले होते. दिव्याचा उजेड दाराच्या फटीतून दिसत होता, शांत.

मग तो आवाज सुरू झाला. आधी वाटलं शेजारी कोणीतरी दळतंय. एवढ्या पहाटे कोण दळणार? मग भिंत पाठीला कोमट लागली. मग फळीवरचे पेले आपसात वाजायला लागले, अगदी हळू. मी तुला हाक मारली. तू आलीस, पण उंबऱ्याच्या आत आली नाहीस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस, माझ्या मांडीवरच्या पोरीकडे पाहिलंस. मी म्हटलं, "अक्का, काय वाजतंय?" तू म्हणालीस, "काही नही, मी शे ना." आणि दार ओढून घेतलंस आणि बाहेरून कडी लावलीस.

त्या कडीचा मला इतकी वर्षं राग होता. ओली बाळंतीण आत, आणि बाहेरून कडी? काय म्हणून? थंडी लागेल म्हणून, धूर येईल म्हणून, मी वाट्टेल ती कारणं शोधली. एकही पटलं नाही.

कडी लागली आणि जरा वेळानं सुसाट असं काहीतरी सुटलं. वाफ दाराखालून खोलीत आली. तुझ्या तोंडून एकदाच "माय" निघालं. फटीतला उजेड गेला. मी दार बडवत होते आणि पोर किंचाळत होती. कडी काढली ती नानांनी. रात्रपाळी करून ते नुकतेच अंगणात आले होते. त्यांनी तुला चादरीत गुंडाळून रिक्षात घातलं. मला तुझे फक्त पाय दिसले. लोकांनी विचारलं तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "व्हॉल्व्ह खराब होता, उकळतं पाणी अंगावर आलं." आम्ही सगळ्यांनी तेच खरं धरलं.

तो गिझर नानांनी मोडीत दिला आणि कितीतरी वर्षं घरात शेगडीवरच पाणी तापलं. हा नवा प्रमोदनं गेल्या दिवाळीनंतर घेतला, नानांशी भांडून. जागा तीच, नळी तिथेच, पाणी तेच खारट. चार दिवस झाले, ही नळी टपकते आहे. आज सकाळी नाना दात घासायला आत गेले आणि लगेच बाहेर आले.

"सुमन, ही नळी कोरडी कशी?"

मी म्हटलं, बरंच झालं की, आपोआप थांबली. ते आत गेले. आधी बटण बंद केलं. मग गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि स्वतः भिंतीला चिकटून उभे राहिले. नळातून पाणी आलं ते फुसफुसत, वाफ टाकत आलं. ते निवांत वाहायला लागेपर्यंत त्यांनी कोणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. मग हात वर करून नळीच्या तोंडातून एक बूच उपटलं. बाटलीचं बूच, वर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.

"कोणी घातलं हे?" नाना विहीणबाईंवर ओरडले. आपले नाना, विहीणबाईंवर. सरला खोलीतून घाबरून विचारायला लागली काय झालं म्हणून.

सरलाच्या आई काही घाबरल्या नाहीत. "मीच लावलं भाऊ. पानी दिवानी जागावर पडी रायनं, मंग काय करू?"

नाना तिथेच ओल्या फरशीवर बसले. मी त्यांना हाताला धरून उठवलं, अंगणात नेलं, चहा दिला. चहा निवून गेला. मग ते बोलायला लागले, आणि मला एकेक शब्द ऐकावा लागला.

तू त्या संध्याकाळी पऱ्हाटीच्या काडीची खुंटी केलीस. योगिताच्या दुपट्याची किनार फाडून तिच्यावर गुंडाळलीस आणि ती नळीत ठोकून बसवलीस. आतला थर्मोस्टॅट आधीच अडकलेला होता. पहाटे बटण दाबलंस तेव्हा पाणी तापत गेलं, उकळलं, आणि त्याला जायला वाट नव्हती. आणखी थोडा वेळ गेला असता तर टाकी फुटली असती, असं नाना म्हणाले. ती भिंत आमच्या अंगावर आली असती.

दवाखान्यात तुला शुद्ध होती. तू आधी विचारलंस, "पोर बरी शे ना?" आणि मग सगळं स्वतःवर घेऊन म्हणालीस, "चूक मनी शे. कोनले सांगू नको, भाऊ." नानांनी तुला शब्द दिला. तो त्यांनी आजवर पाळला.

अक्का, असा कसा शब्द घेतलास तू? गल्लीतली निम्मी बाळंतपणं तुझ्या हातून झाली. तुला सटवाईपेक्षा बायका काय म्हणतील याची भीती जास्त होती का? "इतक्या जणींची पाचवी केली आणि स्वतःच्या घरात असं केलं," एवढंच म्हणाल्या असत्या. चार दिवस म्हणाल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी माझ्या पोरीला म्हटलं, आणि ते अजून थांबलेलं नाही.

तुला कुठून कळणार होतं, ते मला समजतं. तुझ्या मागे लोक काय जोडतील हे तुझ्या मनातही आलं नसेल. पण नानांना तर रोज ऐकू येत होतं. मी त्यांना विचारलं, "तुमच्या नातीला सगळे पांढऱ्या पायाची म्हणत होते, तेव्हा तुम्ही गप्प बसलात?" ते म्हणाले, "मेलेल्या बहिणीच्या शब्दाला बांधलो होतो. आणि चूक माझीही होती गं. नळी बंद करायची नाही एवढंच मी शिकवलं. बंद झालीच तर आधी नळ सोडून दाब उतरवायचा, हे शिकवलंच नाही. कोणी ती बंद करेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही." मग ते रडले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, ते राहून गेलं.

आणि मग त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली. त्यांना ती महत्त्वाची वाटली नव्हती. रिक्षात तुझी उजवी मूठ उघडेना. दवाखान्यात त्यांनी ती हळूहळू सोडवली, तर आत ती खुंटी होती, चिंधीसकट. त्यावरूनच त्यांना कळलं की नळी तू बंद केली होतीस. ती त्यांनी तिथेच कचऱ्यात टाकून दिली, कोणाला दिसू नये म्हणून.

मी विचारलं, "नाना, खुंटी दाबानं उडाली असती तर कुठे पडली असती?"

"उडाली असती तर समोरच्या भिंतीवर."

"मग मुठीत कशी आली?"

जन्मभर बॉयलरमधला बिघाड शोधणारा माणूस. बिघाड कशानं झाला ते सापडलं आणि त्यांनी पुढे शोधणं थांबवलं. बहिणीच्या मुठीत त्यांना फक्त तिची चूक दिसली.

मला मात्र ती कडी आठवली. तू आमच्या दाराशी आलीस तेव्हा तुला कळलेलं होतं. काय होणार ते नेमकं नसेल कळलं, पण काहीतरी भयंकर होणार आणि ते तुझ्या खुंटीमुळे होणार, एवढं नक्की कळलं होतं. तू घराबाहेर पळू शकली असतीस. दार समोरच होतं. तू पोरीकडे पाहिलंस, कडी लावलीस आणि परत आत गेलीस. नळीच्या बरोबर खाली तो दिवा जळत होता. खुंटी काढली की पाणी त्याच्यावर पडणार, पाचवीचा दिवा विझणार, हे तुला माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस. त्या दिव्यासाठीच तर तू ती खुंटी ठोकली होतीस. आणि तरी तू ती उपटलीस.

मला तुझा फार राग आला आहे, अक्का, आणि तुझी फार आठवण येते आहे. दोन्ही एकदम. तू समोर असतीस तर आधी भांडले असते आणि मग तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं असतं.

मघापासून सरलाच्या आई इथून दोनदा चक्कर मारून गेल्या. ते बूच त्यांनी फेकलेलं नाही, कनवटीला खोचलेलं आहे, मी पाहिलं. "दिवस कलना, पाट मांडू दे ना व माय," असं उतरलेली उन्हं दाखवत आत्ताच म्हणून गेल्या. वाईट बाई नाही ती. नातवासाठीच करते आहे. तूही नातीसाठीच केलं होतंस, आणि म्हणूनच मी हे स्टूल सोडणार नाही. नाना आले, नवा थर्मोस्टॅट बसला, मोरीची जाळी मी स्वतः साफ केली, तरी ही नळी उघडीच राहील. टपकायचं तितकं टपकू दे. दिवा लांब, खिडकीच्या फळीवर लागेल. सटवाईला मोरीपासून खिडकीपर्यंत यायला काही जड जाणार नाही.

आणि तुझा शब्द मी मोडणार आहे. तुझी परवानगी मागत नाही, तुला सांगते आहे. हे ऐकल्यावर कोणी तुला अडाणी म्हणेल, कोणी हसेलही. म्हणू दे. तुला आता त्याचं काही होणार नाही, माझ्या पोरीला होतं आहे.

आधी योगिताला सांगेन, एकटीला, काही न लपवता. खुंटी तूच ठोकलीस हेही सांगेन. मग संध्याकाळी सगळ्या बायका जमल्या की तिला मी माझ्या शेजारी बसवीन, काडेपेटी तिच्या हातात देईन आणि सगळ्यांच्या देखत म्हणेन, "बाळा, तुझ्या पाचवीचा दिवा तुझ्या पायगुणानं विझला नाही. तो अक्कानं विझवला, तू जगावीस म्हणून."

हे मी आज करणार, अक्का.

तुझी,
सुमी